अ‍ॅक्टन बर्नेल कासल: नाव किल्ल्याचं, पण आहे गढी

इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यातलं अ‍ॅक्टन बर्नेल मागच्या रविवारी बघून आलो, श्रूजबरीपासून साधारण 8 मैलांवर आहे, तिकीट नाही काही नाही, उजेड असेपर्यंत कधीही जा. कासल म्हटल्यावर खंदक, दारूगोळा असलं काही डोक्यात असेल तर आधीच सांगतो, हा किल्ला नाहीये, ही आपण ज्याला गढी म्हणतो ना तसली आहे. म्हणजे राहायचा वाडाच, पण चार कोपऱ्यांना चार बुरूज आणि वर चर्या, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरचे दातेरी कंगोरे. या चर्या काढायलासुद्धा राजाची परवानगी लागायची, ती 1284 ला मिळाली. मालक रॉबर्ट बर्नेल, बाथ अँड वेल्सचा बिशप आणि पहिल्या एडवर्ड राजाचा चान्सलर म्हणजे बडा मंत्री, त्यामुळे त्याला परवानगी मिळायला कसली अडचण!

आत गेलात की आधी मान वर करा. छप्पर नाही, मजले नाहीत, नुसतं लाल वालुकाश्माचं टरफल उरलंय. पण वरच्या मजल्याच्या खिडक्या बघा, उंच आणि टोकदार कमानीच्या, दरबार हॉल तिथे वरती होता. मला तर या खिडक्यांनीच जिंकलं. ज्याला खरंच वेढ्याची भीती असते तो जंग्या, म्हणजे बाण मारायच्या अरुंद फटी ठेवतो, एवढ्या मोठ्या खिडक्या नाही ठेवत, याला भरपूर उजेड हवा होता आणि थाट दाखवायचा होता हे उभ्या उभ्या कळतं. दगड मऊ आहे, भिंतीवरून नुसता हात फिरवला तर बोटांना लालसर भुकटी लागली, म्हणून प्लीज भिंतींवर चढू नका आणि मुलांनाही चढू देऊ नका.

एक गोष्ट लोक सर्रास चुकीची सांगतात, की 1283 ची पार्लमेंट याच इमारतीत भरली. अहो परवानगीच 1284 ची आहे, मग कशी भरेल? पार्लमेंट गावात भरली हे मात्र खरं, व्यापाऱ्यांची उधारी वसूल करायचा कायदा तिथे झाला आणि त्याला नावही याच गावाचं आहे. सामान्य प्रतिनिधी जवळच्या कोठारात बसले होते असं सांगतात, त्या कोठाराच्या आता फक्त दोन टोकाच्या त्रिकोणी भिंती उभ्यात, त्या बघितल्याशिवाय परत येऊ नका.

बर्नेल 1292 ला वारला, बांधकाम संपता संपता, आणि 1420 पर्यंत गढी ओसाडसुद्धा पडली. इतक्या हौसेने बांधलेलं घर आणि दीडशे वर्षंपण नांदतं राहिलं नाही, मला खरंच वाईट वाटलं.

हॉटेल वगैरे धरून चालू नका, पाणी आणि खायचं बरोबर न्या, पार्किंगची जागाही कमीच आहे. एक तास पुरतो, शेजारचं सेंट मेरी चर्च धरून दीड. संध्याकाळचं तिरपं ऊन भिंतीवर पडतं तेव्हा दगड पेटल्यासारखा लाल दिसतो, जमलं तर त्याच वेळेला जा. माझ्याकडून पाचपैकी पाच.