सायकोपीजी ३ : दूध संस्थेच्या हिशेबावर दोन महिने वापरून

पायथनमधून पोस्टग्रेस या डेटाबेसशी बोलायला आमच्याकडे सात वर्षं सायकोपीजी २ ही लायब्ररी होती. तिच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती, म्हणूनच बदलायचं राहून गेलं. ३ ची पहिली आवृत्ती २०२१ मध्येच आली. जँगो ४.२ आणि एसक्यूएलअल्केमी २.० ही पायथनची तयार साधनं त्याच्यावर चालतात, पण आम्ही यातलं काहीच वापरत नाही. सकाळ-संध्याकाळचं दूध संकलन, फॅट-एसएनएफच्या नोंदी, दर दहा दिवसांनी उत्पादकांचं बिल, एवढंच काम. क्वेऱ्या सगळ्या हाताने लिहिलेल्या, त्यातल्या निम्म्या माझ्या आधीच्या माणसाच्या.

पॅकेजच्या नावात ३ नाहीच, नुसतं ‘सायकोपीजी’. शोधताना दहा मिनिटं गेली, पण त्यामुळेच जुनं आणि नवं एकाच घरात नांदतं आणि एकेक फाइल उरकता येते.

खरा फरक आत आहे. जुनं मूल्यं स्वतःच क्वेरीत चिकटवून अख्खं वाक्य सर्व्हरला द्यायचं. नवं क्वेरी वेगळी आणि मूल्यं वेगळी पाठवतं. म्हणजे ‘इन’पुढे टपल (पायथनमधली कंसातली यादी) ठेवायची माझी जुनी सवय गेली, तिथे आता थेट सिंटॅक्स एरर. लिस्ट द्यायची आणि ‘एनी’ वापरायचं. एकतीस जागी बदललं, वैतागले. पण एक जुनं दुखणं आपोआप बरं झालं. एकही उत्पादक न निवडता कुणी बिलाचं बटण दाबलं, की आधी रिकामा कंस जाऊन क्वेरी फुटायची. आता रिकामी लिस्ट गेली तर मुकाट्याने शून्य ओळी येतात. ‘इंटरव्हल’ शब्द आधी आणि मूल्य नंतर, हेही आता चालत नाही. मूल्य आधी लिहून मग त्याला इंटरव्हलमध्ये बदलून घ्यावं लागतं.

‘विथ’ने मात्र फसवलं. जुन्यात कनेक्शनवर ‘विथ’ लावलं की शेवटी कमिट किंवा रोलबॅक (बदल पक्के किंवा रद्द) व्हायचं आणि कनेक्शन उघडंच राहायचं. नव्यात ते बंदच होतं. आमच्या बिलात पहिल्या ‘विथ’मध्ये हिशेब आणि दुसऱ्यात नोंद, त्यामुळे दुसऱ्याला दार बंद. विचार केला तर नवीनच बरोबर आहे, फाइल उघडतानाही आपण हेच गृहीत धरतो. आता आत ट्रान्झॅक्शनचा वेगळा ब्लॉक लिहिते.

दुसरा फटका मी स्वतःच्या हाताने ओढवून घेतला. चाचणीत प्रत्येक गोष्ट तीन-चार वेळाच करून बघितली होती. एका संस्थेत संध्याकाळी रांग लागली, पहिल्या पावत्या झटझट निघाल्या आणि मग सचिवांचा फोन आला, ‘‘ताई, पावती निघंना झालीया.’’ एकाच कनेक्शनवर एखादी क्वेरी पाच वेळा चालली, की पुढच्या वेळी हे लायब्ररी ती सर्व्हरवर तयार करून ठेवतं. आमच्या आणि सर्व्हरच्या मध्ये बसलाय पीजीबाउन्सर, म्हणजे मोजकी कनेक्शनं सगळ्यांत वाटणारा प्रोग्राम, तोही ट्रान्झॅक्शन मोडमध्ये, म्हणजे दर ट्रान्झॅक्शनला वेगळं सर्व्हर-कनेक्शन मिळू शकतं. तयार केली एका सर्व्हर-कनेक्शनवर, मागितली दुसऱ्यावर. ती पाचाची मर्यादा ‘नन’ केली, म्हणजे तयार करून ठेवणंच बंद केलं, आणि रांग हलली. पीजीबाउन्सर १.२१ पासून हे सांभाळायची सोय आहे, आमचा त्याहून जुना. सायकोपीजीच्या दस्तऐवजात हे सगळं स्पष्ट लिहिलेलं आहे. २ आणि ३ मधल्या फरकांवर एक अख्खं पान आहे, ते मी फोन आल्यावर वाचलं.

आवडलेलं म्हणजे ‘कॉपी’, म्हणजे एका दमात पुष्कळ ओळी भरायची सोय. आधी टॅब घातलेला मजकूर बनवून फाइलसारखा भरवायचा, आणि कुणाच्या नावात चुकून टॅब शिरला की रकाने सरकायचे. आता एकेक ओळ टपल म्हणून सोडली की पुरे. ओळी थेट डिक्शनरी म्हणून मिळतात. एकाच क्वेरीत पुष्कळ ओळी घालणारं ‘एक्झिक्यूट व्हॅल्यूज’ गेलं, पण ३.१ पासून ‘एक्झिक्यूटमेनी’ इतकं सुधारलंय की मला चुकल्यासारखं झालं नाही. कनेक्शन पूल (उघडी कनेक्शनं पुन्हा पुन्हा वापरायची सोय) मात्र वेगळं पॅकेज म्हणून घ्यावा लागतो.

फुकट आहे, नवं काम असेल तर डोळे मिटून हेच घ्या. जुन्या कामाला आठवडा धरा, आणि चाचणीत प्रत्येक क्वेरी किमान दहा वेळा चालवा.

दिवाळीच्या दूध दर फरकाची स्क्रिप्ट मी अजून २ वरच ठेवली आहे. ती वर्षातून एकदा चालते, आणि त्या दिवशी सचिव माझ्या खुर्चीमागे उभे असतात.