रोजच्या टर्बो गाडीसाठी इंजिन अपग्रेड: कशाला हात घालावा, कशाला नाही

टर्बो पेट्रोल गाडीसाठी बाजारात जे काही मिळतं, त्यातल्या जवळपास प्रत्येक खोक्यावर वाढीव हॉर्सपॉवरचा आकडा छापलेला असतो. तो आकडा बहुधा डायनोवरच्या (रोलरवर गाडी पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावरच्या) पहिल्या पुलचा, म्हणजे पूर्ण जोराने घेतलेल्या पहिल्या धावेचा, गार हवेतला. रोजच्या गाडीला त्याचा उपयोग नाही. तिला ट्रॅफिकमध्ये अर्धा तास रांगल्यावर, एसी चालू असताना, बॉनेटखाली भट्टी पेटलेली असताना ओव्हरटेक करायचा असतो. म्हणून इथे प्रत्येक पार्टला कसोटी एकच लावली आहे: डायनोवर तिसऱ्या गिअरमध्ये २,००० ते ६,००० आरपीएम असे चार पुल लागोपाठ घेतले, तर चौथ्याला किती ताकद उरते? डिझेलचं गणित वेगळं आहे, ते इथे नाही.

काहीही विकत घेण्याआधी एक तपासणी मात्र करून घ्यावीच, बूस्ट लीक टेस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा (बूस्ट) कुठे गळतेय ते पाहणं. चार-पाच वर्षं चाललेल्या अनेक टर्बो गाड्या मुळात कंपनीने दिलेलीच ताकद पूर्ण देत नसतात. टर्बोच्या तोंडाशी बूच लावून, रेग्युलेटरवरून साधारण १ बार हवा भरायची आणि जोडांवर साबणाचं पाणी मारायचं. बुडबुडे बहुतेक वेळा तीनच ठिकाणी दिसतात: इंटरकूलरच्या (टर्बोमध्ये तापलेली हवा गार करणाऱ्या जाळीच्या) रबरी होजचे जोड, थ्रॉटल बॉडीचं सील आणि डायव्हर्टर व्हॉल्व्हचा (जादा बूस्ट परत वळवणाऱ्या झडपेचा) फाटलेला पडदा. होजवर बाहेरून तेलकट काळा पट्टा आणि त्याला चिकटलेली धूळ दिसली, तर टेस्टच्या आधीच चोर सापडला म्हणायचं. स्कॅनरवर पी०२९९ म्हणजे बूस्ट कमी पडल्याचा कोड आला की कित्येकजण थेट टर्बोवर संशय घेतात. निम्मा खर्च तिथेच वाया जातो, कारण दोष एखाद्या सैल क्लिपचा असतो.

स्पार्क प्लग हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित पार्ट. बूस्ट वाढलं की सिलिंडरमधली हवा दाट होते आणि ठिणगीला गॅप ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. ते व्होल्टेज देणारी कॉइल कमी पडली की चढावर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर गाडी मिसिंग करते, नुसत्या आयडलवर मात्र शांत असते. मूळ गॅप ०.८ मिलिमीटरच्या आसपास असेल तर रीमॅपनंतर (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलल्यावर) ०.६ ते ०.६५ ठेवावा. फिलर गेज अडकत-अडकत सरकला पाहिजे. गॅप कमी करताना फक्त बाहेरचा वाकडा इलेक्ट्रोड हलकेच दाबायचा, मधल्या इरिडियमच्या टोकाला धक्काही लागता कामा नये, ते केसासारखं तुटतं. रीमॅपमधून बरीच ताकद काढली असेल तर एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा प्लग घ्यावा. इथे गोची अशी की एनजीकेमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, आणि बॉशमध्ये नेमकं उलट. एकाचा नंबर बघून दुसऱ्याचा प्लग घेणारे इथेच फसतात. प्लग गार इंजिनात, कोरड्या आट्यांवर आणि टॉर्क रेंचने मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यावरच आवळावा. आट्यांना ग्रीस लावलं की तोच टॉर्क प्रत्यक्षात जास्त आवळतो आणि ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे जातात.

आता मुख्य गोष्ट. रोजच्या टर्बो गाडीत पैशाला खरोखर ताकद देणारी वस्तू एकच, ती म्हणजे ईसीयूचं (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं) रीमॅप. बाकीचे पार्ट त्याला आधार देतात, एवढंच. याचं कारण बरेचजण लक्षात घेत नाहीत. आजच्या ईसीयूला टॉर्कचं लक्ष्य दिलेलं असतं. मोकळा फिल्टर लावा नाहीतर मोठा इंटरकूलर, ईसीयू ठरलेला टॉर्क गाठायला लागेल तेवढंच बूस्ट घेतो आणि थांबतो. लक्ष्य बदलल्याशिवाय आकडा फारसा हलत नाही.

पार्ट न बदलता केलेल्या रीमॅपने टॉर्क २० ते ३० टक्के वाढणं ही सर्वसाधारण गोष्ट आहे. पण एकाच्या रीमॅपमध्ये आणि दुसऱ्याच्या रीमॅपमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि तो डायनोच्या कागदावर दिसत नाही. ट्यूनरकडे लॉग मागावेत: मागितलेलं बूस्ट आणि मिळालेलं बूस्ट, प्रत्येक सिलिंडरचं नॉकमुळे (मिश्रण अवेळी भडकल्यामुळे) मागे घेतलेलं टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, लॅम्ब्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण), आत जाणाऱ्या हवेचं तापमान, आणि डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं) असेल तर रेलमधलं, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतलं, इंधनाचं प्रेशर. एकाच सिलिंडरचं टायमिंग प्रत्येक पुलला ३-४ अंशांपेक्षा जास्त मागे जात असेल, तर ते रीमॅप त्या पेट्रोलच्या मानाने जास्त हावरट आहे. रेलचं प्रेशर वरच्या आरपीएमला लक्ष्याच्या खाली घसरत असेल, तर पंप संपला असं समजावं. त्यापुढे बूस्ट वाढवणं म्हणजे मिश्रण पातळ करून पिस्टन जाळणं. जो ट्यूनर लॉग द्यायला का-कू करतो, त्याच्याकडे गाडी देऊ नये.

दुसरा प्रश्न असा विचारावा, की २,००० आरपीएमच्या आत टॉर्क किती ठेवलाय? खालीच सगळा टॉर्क ओतलेली गाडी टेस्ट ड्राइव्हला फार आवडते. पण छोट्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांत कमी आरपीएम आणि जास्त लोड या जागीच ठिणगीच्या आधी मिश्रण पेटण्याचा धोका सगळ्यात मोठा असतो, आणि त्या एका धक्क्यात पिस्टनची रिंगलँड (रिंग धरून ठेवणारी कड) तुटू शकते. चांगलं रीमॅप खाली हात आखडता घेतं आणि वर मोकळं सोडतं. पेट्रोलचा ऑक्टेनही आधीच पक्का करावा. ९८ ऑक्टेनवर बनवलेल्या फाइलवर (रीमॅपवर) ९५ भरलं, तर ईसीयू टायमिंग मागे घेत राहतो. म्हणजे पैसे फाइलचे भरायचे आणि ताकद जुन्या फाइलच्या जवळपासची.

ट्यूनिंग बॉक्स म्हणून जी डबी मिळते, ती प्रेशर सेन्सरचा सिग्नल खोटा करून ईसीयूला बूस्ट कमी आहे असं भासवते. टायमिंगवर तिचा ताबा नसतो. ईसीयू लॉक असल्याने रीमॅप होत नसेल तरच ती वापरावी, आणि सगळ्यात सौम्य सेटिंगवर.

चौथ्या पुलची लढाई जिंकून देतो तो इंटरकूलर. आकडेच पाहा. बाहेर २५ अंश सेल्सिअस, निरपेक्ष दाब दुप्पट म्हणजे साधारण १ बार बूस्ट, आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर टर्बोमधून हवा सुमारे ११८ अंशांवर बाहेर पडते. बाहेर ४० अंश असतील तर जवळपास १३८. कंपनीच्या इंटरकूलरचा छोटा कोअर (आतला गाभा) पहिला पुल सांभाळतो, पण मग स्वतःच तापून बसतो, आणि तिसऱ्या-चौथ्या पुलला आत जाणारी हवा ६० अंशांच्या पुढे जाते. हीच हवा ४० अंशांवर ठेवली तर ती सुमारे ६ टक्के दाट होते, आणि मुख्य म्हणजे ईसीयूला टायमिंग मागे घ्यावं लागत नाही.

इथे मोठं ते चांगलं असं समीकरण नाही. बार-अँड-प्लेट कोअर जड असतो, उष्णता उशिरा भरते पण निघतेही उशिरा. ट्यूब-अँड-फिन हलका, आणि गाडी चालू लागली की लवकर गार होतो. थांबत-चालत जाणाऱ्या गाडीला दुसरा अनेकदा जास्त सोयीचा. जाड कोअर रेडिएटरच्या तोंडावर बसला तर कूलंटचं तापमान वाढतं आणि एसी मंदावतो, हे विकणारा सांगत नाही. कोअरमधला दाबाचा तोटा पूर्ण लोडवर ०.१ ते ०.१५ बारच्या आत असावा. हा आकडा न देणाऱ्या इंटरकूलरचं चकचकीत वेल्डिंग कितीही सुंदर असलं तरी उपयोग नाही. बसवल्यावर ५०० किलोमीटरनंतर क्लिपा पुन्हा आवळाव्यात, नवा सिलिकॉन होज बसतो तसा सैल पडतो.

मोकळ्या डाउनपाइपने (टर्बोमागच्या धुराच्या पाइपने) टर्बो लवकर फिरतो, यात शंका नाही. टर्बाइनच्या मागचा अडथळा कमी झाला की गाडीचा पिकअप सुधारतो. पण धूर स्वच्छ करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर (कॅट) काढून टाकलेला पाइप रोजच्या गाडीला नको. तो बहुतेक देशांत बेकायदा आहे, प्रदूषण तपासणीत गाडी अडकते, आणि सिग्नलला उभं राहिलं की केबिनमध्ये वास येतो. घ्यायचाच तर २०० सेलचा (दर चौरस इंचाला २०० छिद्रांचा) दर्जेदार कॅट असलेला घ्यावा, आणि तोही त्याच्यासाठी लिहिलेल्या रीमॅपसोबतच. एरवी पी०४२० चा, म्हणजे कॅट कमी काम करत असल्याच्या कोडचा दिवा लागतो, आणि काही गाड्यांत छोटा वेस्टगेट (टर्बोला बगल देऊन धूर सोडणारी झडप) कमी पडून बूस्ट हाताबाहेर जातं.

ओपन कोन फिल्टर म्हणजे बॉनेटखालची गरम हवा विकत घेणं. मूळ एअरबॉक्स आणि वेळेवर बदललेला कागदी फिल्टर या ताकदीपर्यंत पुरून उरतो. तेल लावायच्या फिल्टरला तेल जास्त झालं तर ते एअरफ्लो सेन्सरच्या तारेवर बसतं. ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचा फुस्स आवाज ऐकायला छान, पण एअरफ्लो सेन्सरच्या गाडीत मोजलेली हवा बाहेर सोडली की गिअर बदलताना मिश्रण जाड होतं आणि गाडी अडखळते. ताकद शून्य. आवाजासाठी घ्यायचा तर खुशाल घ्या, अपग्रेड म्हणू नका.

ऑइल कॅच कॅन, म्हणजे इंजिनातली तेलाची वाफ अडवणारा डबा, डायरेक्ट इंजेक्शन इंजिनाला बरा. इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोल पडत नसल्यामुळे तेलाची वाफ तिथे कार्बन होऊन बसते. कॅन ती कमी करतो, थांबवत नाही. आत जाळीचा बॅफल नसेल तर तो रिकामा डबाच. त्याहून मोठा फायदा ऑइलचा: रीमॅप केलेल्या गाडीत मॅन्युअलने मान्य केलेल्या जाडीचं, एपीआय एसपी (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा ऑइलचा दर्जा) किंवा त्यापुढच्या दर्जाचं ऑइल ७,००० ते ८,००० किलोमीटरला बदलावं. मॅन्युअलमध्ये निर्मात्याचं स्वतःचं स्पेसिफिकेशन दिलं असेल तर आधी ते पाळावं. २०२० साली आलेल्या एसपी दर्जात वर सांगितलेल्या अकाली पेटण्याचीच चाचणी आहे.

शेवटी सगळं येऊन अडतं ते गिअरबॉक्सवर. फोक्सवॅगन समूहाचा ड्राय क्लचचा डीक्यू२०० मुळात २५० न्यूटन मीटरसाठी बनवलेला, तर वेट क्लचचा डीक्यू२५० हा ३५० साठी. पहिल्यावर तीनशेची फाइल चढवली तर क्लचपॅक लवकर बोलू लागतात, मग इंजिन कितीही सुदृढ असो. मॅन्युअल गाडीत चौथ्या-पाचव्या गिअरला २,००० आरपीएमवरून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्यावा. आरपीएमचा काटा उडाला आणि वेग वाढला नाही, तर क्लच घसरतोय. मोठा टर्बो घ्यायचा झाला तर इंजेक्टर, पंप, क्लच आणि कदाचित कनेक्टिंग रॉडही त्याच बिलात येतात, आणि बदल्यात ३,५०० आरपीएमपर्यंत गाडी झोपलेली. ऑफिसला जाणाऱ्या गाडीत तो आरपीएम दिवसातून किती वेळा लागतो, हे एक आठवडा लॉग करून बघावं आणि मगच ऑर्डर द्यावी.