रॉसकॉमनमध्ये एकच दिवस: वाडा, गुहा की खाण?

आयर्लंडला आलेल्या पाहुण्यांना समुद्रकाठचे मोहेरचे कडे दाखवले की आपलं कर्तव्य संपतं. रॉसकॉमनचं नाव कुणी काढत नाही, कारण या काउंटीला (म्हणजे जिल्ह्याला) समुद्रच नाही. डब्लिनहून गाडीने दोनेक तास, आणि समोर गवत, गाई, दगडी कुंपणं. पण पाहण्यासारखं तिथे इतकं आहे की एका दिवसात काय गाळायचं हाच प्रश्न पडतो.

सोबत आई-बाबा असतील तर डोळे मिटून स्ट्रोक्सटाउन पार्क. माहोन घराण्याचा हा जमीनदारी वाडा. स्वयंपाकघराला वरून सज्जा आहे. तिथूनच मालकीणबाई आठवड्याचा मेनू खाली टाकायच्या, म्हणजे खाली उतरून आचाऱ्याशी बोलायला नको! शेजारीच १८४० च्या दशकातल्या आयरिश दुष्काळाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. ही मांडणी मुद्दाम केल्यासारखी बोचते. बटाट्यावर करपा पडला, कुळांचा खंड थकला, आणि १८४७ मध्ये मेजर डेनिस माहोनने १,४९० माणसं कॅनडाच्या जहाजांकडे रवाना केली. आधी डब्लिनपर्यंत पायी. पुढे जहाजांवर त्यातली शेकडो दगावली. त्याच नोव्हेंबरात माहोनला गोळी घालण्यात आली. १९७९ मध्ये एका स्थानिक गॅरेजवाल्याने ही इस्टेट घेतली, तेव्हा जुन्या कागदांत कुळांचे अर्ज सापडले आणि त्यांतूनच हे संग्रहालय उभं राहिलं. कुळ, खंड, थकबाकी हे शब्द घरात ऐकून वाढलेल्या माणसाला इथे वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

तिथून थोड्याच अंतरावर टल्स्क गाव आणि रॅथक्रोहन, पश्चिमेकडच्या कॉनाख्ट प्रांताच्या राजांची जुनी राजधानी. मला सगळ्यात आवडलेली जागा हीच, पण सरसकट सगळ्यांना जा म्हणणार नाही. वरवर पाहिलं तर एक गवताळ टेकाड, सुमारे ८९ मीटर व्यासाचं. बस्स. गाइड नसेल तर दहा मिनिटांत कंटाळाल. गाइड असेल तर त्याच टेकाडावर दंतकथेतली राणी मेव्ह आणि तिच्या नवऱ्याची संपत्तीवरून जुंपते, एका बैलाने नवऱ्याचं पारडं जड होतं, आणि तसलाच बैल पळवून आणायला अख्खं सैन्य निघतं. विराटाच्या गाई आठवणारच. मग उनागॅट, म्हणजे मांजरांची गुहा. हॅलोविनचं मूळ असलेल्या सॅविनच्या रात्री इथून भुतंखेतं बाहेर पडत, अशी समजूत. तोंडाशी अक्षरशः रांगावं लागतं. मोबाइलचा उजेड वर धरला तर एका आडव्या दगडावर ओघम या प्राचीन आयरिश लिपीतल्या रेघा दिसतात: मेव्हच्या मुलाचं, फ्रेखचं नाव. गुडघे दुखत असतील तर हा नाद सोडा.

अरिग्नाची कोळसा खाण उत्तरेच्या टोकाला आहे. तिच्यासाठी वाट वाकडी करावी लागते. खाण १९९० मध्ये बंद झाली. आत नेणाऱ्यांत तिथेच राबलेले जुने खाणकामगार असतात, आणि पाण्यात कुशीवर पडून कोळसा कसा फोडायचा हे त्यांच्या तोंडून ऐकणं भारी. दहा-बारा वर्षांची मुलं खूश होतात. बाहेर पाऊस असला तरी बिघडत नाही, ही तिची मोठी सोय.

वाडा आणि गुहा एका दिवसात जमतात. तिन्ही करायला गेलात तर दिवस गाडीतच जाईल. गुहेची फेरी टल्स्कमधल्या रॅथक्रोहनच्या पर्यटक केंद्रात आधी ठरवून घ्या, कारण वाट खासगी शेतातून आहे. आणि एक जुनी पँट गाडीत टाका. तो चिखल एका धुण्यात निघत नाही.