पोस्टाची आरडी: चतुर्थीच्या खर्चापुढे टिकणारे खाते

पोस्टाची पाच वर्षांची आवर्ती ठेव, जिला आपल्याकडे सगळेच आरडी म्हणतात, केवळ व्याजदर पाहून निवडावी असे मी कोणाला सांगणार नाही. ऑक्टोबर २०२३ पासून तिच्यावर ६.७ टक्के व्याज असून ते दर तिमाहीला चक्रवाढ होते. महिन्याला हजार रुपये भरले तर पाच वर्षांत भरलेल्या ६०,००० रुपयांचे सुमारे ७१,३६६ रुपये होतात. हा परतावा बरा आहे, डोळे दिपवणारा नाही. तरीही देवगड-मालवण पट्ट्यातील आंबा, काजू आणि मासळीवर चालणाऱ्या घरांना मी हे खाते आवर्जून सुचवते, कारण आपल्याकडे पैसा हातात येण्याचा आणि तो मागणारे प्रसंग उभे राहण्याचा काळ जवळजवळ एकच असतो, आणि त्या काळात बचतीला कुलूप लावण्याचे काम हे खाते चोख करते.

बागायतदाराच्या घरी वाशी मार्केटमधून हापूसची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब आणि पैसे, येते ती एप्रिल-मे महिन्यांत. मजुरी, फवारणी आणि पेट्या-पेंढ्याचे देणे चुकते केल्यावर जी रक्कम उरते, तिच्यावर जूनमध्ये शाळेची फी आणि वह्या-पुस्तके आपला हक्क सांगतात. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यंत्रचलित मासेमारी बंद असल्यामुळे मच्छीमारांच्या घरी तर या दोन महिन्यांत साठ्यातूनच खावे लागते. त्यानंतर लगेच चतुर्थी येते. मुंबईहून चाकरमानी येतात, गणपतीवरची माटवी (लाकडी छत) सजते, रोज रात्री भजनाला येणाऱ्या मंडळींसाठी उसळ-पाव आणि चहाची व्यवस्था करावी लागते, आणि गेल्या वर्षी शेजारी अमुक केले म्हणून यंदा आपल्याकडे तमुक व्हायला हवे, ही चर्चा सुरू होते. ‘लोक काय म्हणतले?’ या प्रश्नाला घरातल्या बाईकडे एरवी उत्तर नसते. पैसे बचत खात्यात असतील तर ते काढता येतात हे सर्वांना ठाऊक असते. ते आरडीत असतील तर मात्र ‘ते पोस्टात अडकलेत’ एवढे म्हणून विषय मिटवता येतो, आणि त्यात कोणाचा मानही दुखावत नाही.

हे अडकणे कितपत खरे आहे, हे नीट समजून घ्यायला हवे. नियमाप्रमाणे खाते तीन वर्षे पूर्ण होण्याआधी बंद करता येत नाही. त्यानंतर ते बंद करता येते. पण मुदतीच्या एक दिवस आधी जरी बंद केले तरी संपूर्ण काळासाठी पोस्टाच्या बचत खात्याचाच दर, म्हणजे सध्या ४ टक्के, लागू होतो. महिना हजाराच्या खात्यात एकोणसाठ हप्ते भरून शेवटच्या टप्प्यावर माघार घेतली, तर सुमारे पाच हजार रुपयांच्या व्याजावर पाणी सोडावे लागते. काहींना हा नियम जाचक वाटतो. माझ्या मते हाच या खात्याचा सर्वांत मोठा गुण आहे, कारण मोडण्याची किंमत रुपयांत दिसली की हात आपोआप आखडतो. खरी अडचण आलीच तर एक दार उघडे ठेवलेले आहे: खाते एक वर्ष चालवून बारा हप्ते भरले असतील, तर शिलकीच्या ५० टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते आणि त्याचा व्याजदर आरडीच्या दरापेक्षा २ टक्के जास्त असतो. दवाखान्याच्या खर्चासाठी दागिने गहाण ठेवण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी सुटसुटीत आहे.

दरमहा हप्ता भरण्याची अट आपल्या हंगामी मिळकतीशी जुळत नाही, अशी तक्रार मी पुष्कळ ठिकाणी ऐकते. हप्ता चुकला तर शंभर रुपयांमागे महिन्याला एक रुपया दंड पडतो, आणि चार हप्ते थकले की खाते खंडित होते. ते पुन्हा सुरू करण्यासाठी दोनच महिने मिळतात. पगारदारासाठी आखलेली ही शिस्त बागायतदाराला जड जाते, हे खरे. परंतु याच नियमांत आगाऊ भरण्याची जी सोय आहे, तिच्याकडे आपल्याकडे फार कमी जण लक्ष देतात. चालू महिना धरून सहा हप्ते एकदम भरले तर शंभर रुपयांच्या हप्त्यामागे १० रुपये, आणि बारा हप्ते भरले तर ४० रुपये सूट मिळते. म्हणजे हजाराच्या खात्यात मे महिन्यात वर्षभराचे बारा हजार भरताना ४०० रुपये वाचतात. तीच रक्कम बचत खात्यात ठेवून महिन्या-महिन्याला हप्ता भरला, तर ४ टक्क्यांनी वर्षभरात जेमतेम २२० रुपये व्याज पडते. पट्टीचे पैसे आले की त्याच आठवड्यात वर्षाचे हप्ते भरून टाकणे ही आमच्या घरची पद्धत आहे, आणि चतुर्थीपर्यंत तो पैसा कोणाच्या नजरेसमोर राहत नाही, ही तिची खरी कमाई आहे. एक गोष्ट मात्र आधीच माहीत असावी: जितक्या महिन्यांचे आगाऊ भरले असेल, तितका काळ संपेपर्यंत खाते मुदतपूर्व बंद करता येत नाही.

ज्यांची मिळकत रोजची किंवा महिन्याची आहे, त्यांच्यासाठी महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेच्या एजंट आहेत. आमच्या वाडीत येणाऱ्या काकी स्कूटर अंगणाबाहेर लावून पडवीत बसतात, पिशवीतून रबरबँड लावलेल्या कार्डांचा गठ्ठा काढतात, हप्ता मोजून घेतात आणि कार्डावर तारीख, रक्कम आणि सही करून ते परत हातात देतात. खाते महिन्याच्या १५ तारखेपर्यंत उघडलेले असेल तर हप्ताही १५ तारखेपर्यंत भरावा लागतो, म्हणून दोन दिवस आधी ‘वैनी, परवा पंधरा तारीख आसा, ध्यानात आसा मा?’ असा त्यांचा फोन येतो. त्यांचे कमिशन सरकार देते, खातेदाराकडून काही घेतले जात नाही. मोबाइलवरच्या सूचनेकडे दुर्लक्ष करता येते. दारात आलेल्या काकींना रिकाम्या हाताने परत पाठवणे अवघड जाते. पैसे देताना कार्डावर सही घेणे आणि अधूनमधून पासबुकात नोंदी उतरल्या आहेत का हे पाहणे, ही जबाबदारी मात्र आपली आहे, कितीही ओळखीची व्यक्ती असली तरी.

भिशी आणि पतसंस्थेची पिग्मी हे आपल्याकडचे दोन जुने पर्याय आहेत. भिशीत मैत्री टिकते, पण व्याज नाही आणि कायद्याचा आधारही नाही. पिग्मीत रोज दहा-वीस रुपये टाकता येतात, ही मासळी विकणाऱ्या बाईसाठी मोठी सोय आहे. मात्र ठेव विम्याचे पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण बँकांतील ठेवींना आहे, पतसंस्थांतील ठेवींना नाही. पोस्टातील ठेवीमागे केंद्र सरकार उभे असते. आयुष्यभराची पुंजी ठेवताना हा फरक मला निर्णायक वाटतो.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. व्याजावर प्राप्तिकर लागू होतो आणि कलम ८० सी खालील वजावट मिळत नाही. एक-दोन वर्षांची छोटी मुदत निवडता येत नाही, त्यामुळे पुढच्या वर्षीच्या लग्नासाठी साठवायचे असेल तर बँकेची आरडीच घ्यावी.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी एकच मोठे खाते उघडण्याऐवजी दोन लहान खाती उघडावीत. किमान हप्ता अवघा १०० रुपये असून पुढे दहाच्या पटीत कितीही ठेवता येतो, आणि खात्यांच्या संख्येवर मर्यादा नाही. एक खाते ५०० रुपयांचे, काही झाले तरी न मोडण्याचे. दुसरे तेवढ्याच रकमेचे, तीन वर्षांनंतर गरज पडलीच तर बंद करण्याचे. अशा वेळी कमी व्याजाचा फटका अर्ध्याच रकमेला बसतो, आणि पहिले खाते मुदत संपल्यावर आणखी पाच वर्षे वाढवून घेता येते.