नोंदणीच्या नावाखाली घेतलेले साडेपाच हजार

अमरावती जिल्ह्यातील मोर्शी-वरूडच्या संत्रापट्ट्यात आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या सुरुवातीला येणाऱ्या संत्र्यांची, तोड सुरू झाली की बाहेरगावचे व्यापारी रस्त्यालगतचे गाळे शोधू लागतात आणि पुढे मृगाचा, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडी येणारा, मालही हाती घ्यायचा असल्याने बहुधा अकरा महिन्यांचा करार करतात. आमच्या गावातील माझा गाळा अशाच एका व्यापाऱ्याने दरमहा ६,००० रुपये भाडे आणि २०,००० रुपये अनामत ठरवून घेतला. तो ज्या दलालाने आणला, त्यानेच कराराच्या नोंदणीचे काम अंगावर घेतले. "काका, तुम्ही कायले धावपळ करता, मी पाह्यतो ना सारं," असे म्हणून त्याने मुद्रांक, नोंदणी आणि 'ऑफिसचा खर्च' मिळून ५,५०० रुपये माझ्याकडून घेतले.

आठवडाभराने आलेल्या कागदावर नोटरीचा गोल शिक्का, लाल चकती आणि दोघांच्या सह्या एवढेच होते. नोंदणी झालेल्या भाडेकरारावर दस्त क्रमांक असतो, दोन्ही पक्षांची छायाचित्रे व अंगठ्यांचे ठसे असतात आणि सोबत शासनाकडे भरलेल्या शुल्काचे चलन असते. यांपैकी त्यावर काहीही नव्हते. दलालाला विचारले तेव्हा "नोटरी म्हणजेच रजिस्ट्री" असे त्याने बेधडक सांगितले. प्रत्यक्षात नोटरी फक्त सह्या साक्षांकित करतो; त्याने दस्ताची सरकारी नोंदणी होत नाही.

व्यापारी मार्चअखेर गाळा सोडून गेला आणि थकलेले वीजबिल, मीटर माझ्या नावावर असल्यामुळे, महावितरणने माझ्याच नावे काढले. अनामतीतून ती रक्कम वळती करू लागताच वीज भाड्यातच धरली होती, असे त्याने फोनवर ठणकावून सांगितले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, त्याची जबाबदारी घरमालकाची, आणि तसा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. म्हणजे पैसे दलालाने खाल्ले आणि कायद्याची बाजू मात्र माझी लंगडी पडली. शेवटी वकिलांच्या सल्ल्याने अर्ध्या बिलावर तडजोड करावी लागली.

खरा खर्च किती, हे दलाल कधीच सांगत नाहीत, कारण तो ऐकून कोणीही हसेल. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि परताव्याच्या अनामतीवरील वार्षिक दहा टक्के दराचे व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के असते. माझ्या करारात ते २०० रुपयांच्या वर जात नव्हते. ग्रामीण भागात नोंदणी फी ५०० रुपये, आणि वर थोडे हाताळणी शुल्क. यापलीकडे मागितलेला प्रत्येक रुपया ही दलालाची मजुरी आहे आणि ती तशीच, वेगळी लिहून मागितली पाहिजे.

यंदाच्या भाडेकरूशी करार करताना चलनाची प्रत आणि दस्त क्रमांक हाती पडल्यावरच मी मजुरी दिली. गाळ्याचा ताबा देताना मीटरचे रीडिंग दोघांच्या सहीने लिहून घेतले आणि वीजबिल कोणी भरायचे, हे करारातच स्वतंत्र कलम म्हणून घातले. जुन्या दलालाविरुद्ध पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली असून तिची पोच माझ्याकडे आहे. रक्कम मात्र अद्याप परत मिळालेली नाही.