लिचेसवरची बुद्धिबळाची कोडी: आठ महिन्यांनंतर

नाशिकरोडहून सातपूरला कंपनीच्या बसने जायला मला पाऊण तास लागतो, द्वारका चौकात अडकलो तर जास्तच. गेले आठ महिने तो वेळ मी लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर कोडी सोडवतोय. पैसे लागत नाहीत, जाहिराती नाहीत, रोज इतकीच अशी मर्यादा नाही. कोडं म्हणजे डावातली एक स्थिती, तिच्यात नेमकी चाल शोधायची; ती तिथे लोकांनी खेळलेल्या खऱ्या डावांतून काढलेली असतात, त्यामुळे पट ओळखीचा वाटतो.

पहिले दोन महिने मात्र वाया घालवले. कोडं उघडलं की शह शोधायचा, दिसला की बोट टेकवायचं. दिवसाला तीस-चाळीस कोडी व्हायची. कोड्यांचं रेटिंग, म्हणजे ताकदीचा आकडा, १५०० पासून सुरू होतं. माझं साडेसोळाशेला जाऊन तिथेच बसलं आणि खऱ्या डावात काडीचा फरक पडला नाही.

एका रविवारी घरी पट मांडून तेच करत होतो. मुलगी नववीत आहे, शाळेकडून खेळते. ती म्हणाली, "बाबा, हात नका लावू. आधी तोंडाने सांगा, तुमच्या चालीवर तो काय खेळेल?" मला दुसऱ्या चालीच्या पुढे सांगता येईना.

तेव्हापासून दिवसाला दहाच कोडी. आधी सगळे शह, मग सगळी मारामारी, मग धमक्या, आणि प्रत्येक वेळी समोरच्याचं सगळ्यात चांगलं उत्तर. शेवट दिसल्याशिवाय बोट लावायचं नाही. एक उदाहरण देतो (उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या ओळी एक ते आठ, त्यावरून घराचं नाव). काळा राजा जी आठवर, हत्ती डी आठवर, जी आणि एच पट्टीवरची प्यादी जागेवर. पांढरा वजीर सी चारवर, घोडा एफ सातवर. घोडा एच सहावर गेला की वजिराचाही शह उघडतो. राजा एफ आठवर आला तर एफ सातवर वजिराने मात. म्हणून तो कोपऱ्यात जातो. आता वजीर सरळ जी आठवर, राजाच्या शेजारी! घोड्याचा जोर, म्हणजे संरक्षण, असल्याने राजा वजिराला मारू शकत नाही, हत्तीनेच त्याला मारावं लागतं. मग घोडा एफ सातवर, मात. राजा स्वतःच्याच मोहऱ्यांत कोंडलेला. पटाला हात न लावता हे सगळं पहिल्यांदा दिसलं, तेव्हा माझा थांबा आला होता आणि मी बसमध्येच बसून होतो.

कोड्यांच्या प्रकारातच एक उणीव आहे, ती आधीच ओळखलेली बरी. इथे काहीतरी दडलंय हे कोडं उघडताच कळतं. डावात ते कुणी सांगत नाही. तिसऱ्या महिन्यात कॉलनीतल्या मित्राशी खेळताना मी अठराव्या चालीला वजिराचा बळी दिला, कोड्यात द्यायची सवय लागली होती म्हणून. मधला एक शह माझ्या हिशेबात नव्हता, डाव गेला. आता प्रत्येक चालीला स्वतःला विचारतो, कोणत्या मोहऱ्याला जोर नाही?

ग्रँडमास्टर विदित गुजराथी आपल्या नाशिकचा. जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या, २०२४ च्या टोरंटोतल्या कॅंडिडेट्स स्पर्धेत त्याने काळ्या मोहऱ्यांनी अमेरिकेच्या हिकारू नाकामुरासमोर एच तीनवर उंटाचा बळी दिला आणि डाव जिंकला. तो डाव मी घरी पटावर मांडला आणि त्या उंटानंतरच्या शक्य चालींच्या शाखा मोजत अख्खी संध्याकाळ बसलो. अर्ध्याहून जास्त मला दिसल्याच नाहीत, पण आठ महिन्यांपूर्वी त्या शोधायलाही बसलो नसतो.

डॅशबोर्डवर विषयवार यशाची टक्केवारी दिसते आणि चुकलेली कोडी पुन्हा सोडवता येतात. ज्यांना गंभीरपणे शिकायचंय त्यांच्यासाठी माझ्या मते हीच सगळ्यात मोलाची सोय. माझं रॅपिड, म्हणजे जलद डावांचं, रेटिंग १३८० वरून १५२० झालं. चुकलेली कोडी वहीत उतरवून आठवड्याने पुन्हा बघतो. वहीत आज १३४ आहेत. त्यातली ४१ दुसऱ्यांदाही चुकली, आणि बरीचशी अशी की जिथे ना शह द्यायचा असतो, ना काही मारायचं; फक्त राजा एक घर बाजूला सरकवायचा असतो.