ठाण्याच्या गॅलरीतला ख्रिसमस कॅक्टस: वर्षभर सांभाळल्यानंतर

घोडबंदर रोडच्या नर्सऱ्यांत हिवाळ्यात ‘ख्रिसमस कॅक्टस’ म्हणून जे झाड मिळतं, ते बहुतेक वेळा श्लुम्बर्गेरा ट्रंकाटा असतं. ओळख पेरावरून पटते. चपट्या हिरव्या पेराच्या दोन्ही कडांना दोन-तीन टोकदार दात असतात, खेकड्याच्या नांगीसारखे. खऱ्या ख्रिसमस कॅक्टसच्या, म्हणजे बकलेयीच्या, कडा गोलसर. फूल उमललेलं असेल तर परागकोश बघा: ट्रंकाटाचे पिवळे, बकलेयीचे गुलाबी-जांभळट. पेराच्या टोकाला बारीक केस आणि फूल चांदणीसारखं सरळ असेल, तर तो ईस्टर कॅक्टस. तो घेऊ नका. कळ्या धरायला त्याला जी लांबलचक थंडी लागते ती ठाण्यात पडत नाही.

ट्रंकाटा वाढायला सोपा, फुलायला हट्टी. मूळचा तो ब्राझीलमधल्या रिओजवळच्या डोंगरांतला, झाडांच्या फांद्यांवर शेवाळात वाढणारा. वाळवंटाशी याचा संबंध नाही. त्याला सकाळचं कोवळं ऊन चालतं. दुपारच्या उन्हात पेरं लालसर होऊन सुरकुततात.

नर्सरीतून येतो तो बहुधा नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्यात. वरून कोरडं दिसतं, पण मधला गोळा ओलाच राहतो आणि जुलैत मूळ कुजतं. फुलं संपली की 5 इंची मातीच्या कुंडीत बदला: 2 भाग कोकोपीट, 1 भाग पर्लाइट (पांढरे, हलके खनिज दाणे), 1 भाग लाकडी कोळशाचे किंवा नारळाच्या सोडणाचे बारीक तुकडे, अर्धा भाग गांडूळखत. मोठी कुंडी नको, ती ओल धरून ठेवते. पावसाळ्यात कुंडी छज्जाखाली घ्या आणि वरचा इंचभर थर सुकल्यावरच पाणी द्या. खालचं पेर मऊ, तपकिरी पडलं तर पाणी वाढवू नका. वरचा निरोगी भाग तोडून कलम करा, बाकी फेका.

खत जून ते ऑगस्ट: 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सम प्रमाणात), लिटरभर पाण्याला 1 ग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा. सप्टेंबरात बंद. त्याच वेळी टोकाची सेंटीमीटरभरही न झालेली कोवळी पेरं पिळून काढा. कळ्या पक्व पेरालाच येतात.

खरी गोम रात्रीची आहे. कळी धरायला सलग तेरा-चौदा तासांचा अंधार आणि थंड रात्र लागते. रात्रीचं तापमान 16 ते 18 अंश असेल तर उत्तम. 24 च्या वर राहिलं तर अंधार देऊनही कळ्या तुरळक येतात. म्हणून ऑक्टोबर हीटमध्ये झाकाझाकी करण्यात अर्थ नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून सुरू करा. डिसेंबरात ठाण्याची रात्र तशीही तेरा तासांची असते, पण सोसायटीच्या आवारातले एलईडी दिवे आणि हॉलची ट्यूब ती तोडतात. संध्याकाळी 6 ते सकाळी 8 काळं कापड टाका, काठ्यांवर, पेरांना टेकू न देता. तीन-चार आठवड्यांत टोकांना मोहरीएवढे लाल ठिपके दिसले की कापड बंद. हायवेकडच्या टॉवरपेक्षा येऊरच्या जंगलाच्या, अंधाऱ्या बाजूच्या गॅलऱ्यांना हे सोपं जातं.

ठिपके दिसल्यावर कुंडी हलवू नका, फिरवूही नका. जागा बदलली, माती एकदम सुकली किंवा पंख्याचा कोरडा वारा लागला की कळ्या गळतात. थोड्या गळल्या तर झाड स्वतःच ओझं कमी करतंय, घाबरू नका. पिवळ्या जाती थंड हवेत गुलाबी छटा धरतात. ठाण्यात मात्र पिवळ्याच राहतात. हा आपल्या हवेचा एकमेव फायदा.

पेरांच्या सांध्यात कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. इतर औषधाची गरज सहसा पडत नाही.

एवढा खटाटोप नको असेल तर ब्रह्मकमळ घ्या. तेही झाडांवर वाढणारं कॅक्टसच, माती हीच, आणि पावसाळ्यात बिनझाकणीचं फुलतं.

ट्रंकाटाची कलमं फेब्रुवारीत करा: तीन पेरांचा तुकडा पिळून तोडा, सावलीत दोन दिवस सुकवा, सेंटीमीटरभर खोल रोवा. पहिला आठवडा पाणी नाही, नुसता फवारा.